पिस्तुलाच्या पचनी पडणारं काडतूस

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसाने फक्त उडायचं असतं. पुढचं काडतूस समोर आणण्याचं काम चाप ओढणारं बोट करतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतुसावर दुहेरी जबाबदारी असते. गोळी पुढे फेकायची आणि त्याच धक्क्यावर वरची स्लाइड मागे ढकलून रिकामी पुंगळी बाहेर टाकायची. धक्का कमी पडला तर पुंगळी मध्येच अडकते. फार झाला तर नळीतला दाब पुरता उतरण्याआधी पुंगळी मागे खेचली जाते आणि तिचा आधार सुटलेला भाग फुगतो, कधी फाटतोही. टेक्सासमध्ये पिस्तूल घेऊन रानडुकरांच्या मागे जाणारे अनेक शिकारी स्वतःची काडतुसं घरी भरतात. त्यांचा सगळा हिशेब या दोन टोकांमध्ये बसावा लागतो.

त्यांच्या आवडीचं काडतूस म्हणजे '१० मिलिमीटर ऑटो'. १९८३ मध्ये ते 'ब्रेन टेन' या पिस्तुलासोबत आलं आणि स्वीडनच्या 'नॉर्मा' कंपनीने ते बनवलं. सुमारे १३ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ३६५ मीटर वेग. पिस्तूल बनवणारी कंपनी १९८६ मध्ये बुडाली, काडतूस मात्र टिकलं. त्याच वर्षी मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेशी झालेल्या चकमकीत एका दरोडेखोराच्या शरीरात शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतर एफबीआयने १० मिलिमीटर स्वीकारलं, पण सौम्य भरणीचं. १९९० मध्ये त्यातूनच '.४० स्मिथ अँड वेसन' हे आखूड भावंड जन्मलं. बाजारातली बरीच काडतुसं मवाळ होत गेली, तसा जोरदार भरणी हवी असणारा शिकारी स्वतःच्या हातावर भरवसा ठेवू लागला.

पण जोर म्हणजे नेमकं काय? मूळ भरणीची ऊर्जा साडेआठशे ज्यूलच्या आसपास भरते; हरणाच्या शिकारीतली नेहमीची .३०८ रायफल साडेतीन हजार देते. फरक नुसत्या आकड्यांचा नाही. रायफलची वेगवान गोळी भोवतालच्या मांसाला इतक्या झटक्याने ताणते की ते फाटतं. पिस्तुलाच्या वेगाला हा ताण बहुतेक ऊतींना सोसतो आणि त्या पुन्हा जागेवर येतात. म्हणून पिस्तुलाची गोळी जिथून जाते तेवढाच तिचा परिणाम. ती हृदय-फुप्फुसापर्यंत पोचली पाहिजे, आणि वाट पुरेशी रुंद असली पाहिजे. टोकाला पोकळी असलेली गोळी उमलून रुंद होते, पण लवकर थांबते. कठीण मिश्रधातूची, चपट्या नाकाची ओतीव गोळी उमलत नाही, खोल जाते. हरणाला पहिली चालते. जाड कातडीच्या, रुंद खांद्याच्या डुकरासाठी पुष्कळ जण दुसरी निवडतात, आणि ते मला पटतं. (उमलणाऱ्या गोळीचं एक नाव कोलकात्याजवळच्या दमदमवरून पडलं; तिथल्या ब्रिटिश शस्त्र कारखान्यात ती बनली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तिच्यावर बंदी घातली. शिकारीत मात्र जनावर लवकर मरावं म्हणून तीच मागितली जाते.)

आता भरणीकडे. पुंगळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची. बार उडताच ती फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि क्षणात थोडी आक्रसून सुटी होते. म्हणूनच ती पुन्हा भरता येते. तिच्यातली धूरविरहित दारू मोठी विलक्षण. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने हे नातं सूत्रात मांडलं. त्यामुळे इथे थोडी चूक थोडीच राहत नाही. या काडतुसाची कमाल मर्यादा हवेच्या दाबाच्या सुमारे अडीच हजार पट आहे, आणि दारू उत्पादकांचे छापील तक्ते सोडून अंदाजाने भरणाऱ्याला माझ्या मते धाडसी म्हणू नये, बेजबाबदार म्हणावं.

पिस्तूल इथेही आपला हट्ट चालवतं. काडतूस मॅगझिनमधून वर चढताना गोळीचं नाक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आदळतं. पकड सैल असेल तर गोळी पुंगळीत आत सरकते, दारूची जागा घटते आणि दाब चढतो. मग पुंगळीचं तोंड वळवून गोळी जखडावी? रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला ते चालतं, कारण ते बुडाच्या कडेवर टेकतं. १० मिलिमीटरला अशी बाहेर आलेली कडच नाही. ते तोंडाच्या धारेवरच नळीत टेकतं. धार गोल झाली तर काडतूस आत घसरतं. म्हणून तोंड नुसतं हलकेच आवळायचं.

कॅलिफोर्नियात आणखी एक पेच आहे. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती, म्हणून जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. मग गोळी तांब्याची घ्यावी लागते; पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. काडतुसाची एकूण लांबी मात्र मॅगझिनने ३२ मिलिमीटरवर बांधून टाकलेली, म्हणजे ती वाढीव लांबी पुंगळीतच शिरणार आणि दारूची जागा खाणार. शिशासाठीचा भरणीचा तक्ता तांब्याला लावता येत नाही, तो याचमुळे. तांब्याची हलकी गोळी घेऊन वेग वाढवणं हाच तिथल्या शिकाऱ्याचा बरा मार्ग.

आपल्याकडे हा सगळा वाचनापुरता विषय आहे. हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.