पैसे पाठवण्याआधी माहेरी एक फोन

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज आता अधूनमधून येतोच. नाकात नळी घातलेलं लेकरू, खाली आईची विनवणी, 'उद्यापर्यंत पैसे भरले नाहीत तर ऑपरेशन होणार नाही', आणि शेवटी एक क्यूआर कोड. आपला जीव कळवळतो, हात लगेच कनवटीला जातो. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. एकमेकींच्या अडचणीला धावूनच आपले गट उभे राहिले आहेत.

अशी आवाहनं खरीही असतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या दुर्मीळ आजारावरच्या इंजेक्शनसाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकांनी ऑनलाइन जमवून दिले. देणारे बहुतेक अनोळखीच होते.

अडचण अशी की फसवणाऱ्याला खोटा फोटो लागतच नाही. तो खऱ्या आजारी मुलाचा फोटो उचलतो, दवाखान्याचं खरं पत्र उचलतो आणि क्यूआर कोड तेवढा स्वतःचा लावतो. म्हणून फोटोवर वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते बघायचं. कोड स्कॅन केला की पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. मुलाचे आईवडील एक आणि खात्यावर नाव भलत्याचंच, तर तिथेच थांबायचं.

आमच्याकडच्या एका गटात शेजारच्या तालुक्यातल्या मुलासाठी असाच मेसेज आला होता. बैठकीत २,००० रुपये द्यायचं जवळजवळ ठरलं. एक ताई म्हणाल्या, "त्या गावात माझं माहेर आहे, भावाला विचारते." भावाने सांगितलं, मुलगा खरा, आजारही खरा, पण तो दोन महिन्यांपूर्वीच घरी आलाय. मेसेजमधलं खातं घरातल्या कुणाचंच नव्हतं. आपल्या लेकराचा फोटो दाखवून अजून पैसे मागितले जाताहेत, हे त्या बापाला ठाऊकही नव्हतं! मुलाला तपासणीला दर महिन्याला शहरात न्यावं लागतं, म्हणून ते २,००० रुपये गटाने त्या गावच्या बचत गटामार्फत घरी पोचवले.

माहेर नसेल तर तिथल्या आशाताईला विचारा, किंवा दवाखान्यात फोन करून समाजसेवा अधीक्षकांची चौकशी करा. मात्र नंबर मेसेजमधला नको, तो वेगळीकडून मिळवा. पैसे द्यायचेच तर शक्यतो दवाखान्याच्या खात्यात, रुग्णाच्या नावावर भरा आणि पावती मागा.

आणि त्या घरच्यांना एक विचारायचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव घातलंय का? त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत ठरावीक उपचार मोफत मिळतात. धर्मादाय रुग्णालयांतही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. पुष्कळ घरांना हे कुणी सांगतच नाही. आपल्या शंभर रुपयांपेक्षा ही माहिती कधी कधी जास्त कामाची ठरते.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. तो मेसेज आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुसू नका, तक्रारीला तोच लागतो.