श्रद्धा वाढते कशी?

श्रद्धा हा शब्द मराठींत जुना आणि आदराचा आहे. परंतु रोजच्या बोलण्यांत तो बहुधा अशा रीतीनें येतो कीं, श्रद्धा ही एक तर मनुष्याजवळ असते किंवा नसते. अमक्याची देवावर श्रद्धा आहे, तमक्याची नाहीं, एवढें म्हटलें म्हणजे विषय संपला असें मानलें जातें. ख्रिस्ती धर्मांत या शब्दाचा जो अर्थ आहे तो याहून थोडा निराळा आहे. तेथें श्रद्धा ही पेटींत जपून ठेवण्याची ठेव नव्हे. रुजणारी, कधीं खुंटणारी, उन्हानें कोमेजून पुन्हां पालवणारी अशी ती जिवंत वस्तु आहे. म्हणून ख्रिस्ती मनुष्यापुढें "श्रद्धा आहे कीं नाहीं" या प्रश्नापेक्षां "ती वाढत आहे कीं नाहीं" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेंत या अर्थीं "पिस्तिस" असा शब्द आहे. एखादी गोष्ट खरी मानणें, एखाद्या व्यक्तीवर भरंवसा टाकणें आणि स्वतः भरंवशास पात्र राहणें, या तिन्ही छटा त्यांत सामावलेल्या आहेत. पुढील काळांतील धर्मपंडितांनीं श्रद्धेचीं तीन अंगें सांगितलीं : जाणणें, मान्य करणें आणि विसंबून राहणें. पावसाळ्यांत दुथडी भरलेल्या नदीच्या कांठीं उभ्या असलेल्या प्रवाशाचें उदाहरण घेतलें म्हणजे हा भेद ध्यानांत येतो. नाव पैलतीरीं जाते हें त्याला माहीत असतें. तांडेल कुशल आहे हेंही त्याला कबूल असतें. परंतु तो नावेंत पाय ठेवीत नाहीं तोंवर तो याच तीरावर राहणार. पहिल्या दोन गोष्टी बुद्धीच्या कक्षेंतल्या, तिसरींत सगळा मनुष्य गुंतलेला असतो. येशूवर विश्वास ठेवणें म्हणजे ख्रिस्ती मतांच्या यादीखालीं सही करणें नव्हे, तर नावेंत पाय ठेवणें होय, असें या धर्माचे जाणते शिक्षक सांगत आले आहेत.

येशूनें स्वतः या वाढीसाठीं जे दृष्टान्त योजिले ते बहुतेक शेतांतले आहेत. मोहरीचा दाणा केवढा असतो हें महाराष्ट्रांतील गृहिणीला कोणीं सांगावयास नको. फोडणीच्या पळींत तो रोज तडतडतो. एवढ्याशा दाण्याएवढी श्रद्धा पुरे, असें येशूनें शिष्यांना सांगितलें. पेरणाऱ्याच्या दृष्टान्तांत तर बीं एकच असून जमिनी चार आहेत : वाटेवरची, खडकाळ, कांटेरी आणि चांगली. खडकाळ जमिनींतलें रोप सर्वांत लवकर वर येतें आणि सर्वांत लवकर करपतें. आरंभींचा उत्साह म्हणजे वाढ नव्हे, मूळ खोल गेलें पाहिजे, हा त्यांतला बोध आहे. शुभवर्तमानांत आपल्या दुखणाईत मुलाला घेऊन आलेला एक बापही भेटतो. आपला विश्वास आहे आणि तरीही आपल्या अविश्वासाला येशूनेंच मदत करावी, अशी दुहेरी कबुली तो देतो. येशूनें त्याला परत पाठविलें नाहीं. पेत्र तर शिष्यांत अग्रेसर. तरी तो लाटांवर बुडूं लागला आणि संकटाच्या रात्रीं त्यानें आपल्या गुरूला तीनदां नाकारलें. त्यालाच पुढें कळप सांभाळण्याचें काम सोंपविण्यांत आलें.

हें सर्व तत्त्व म्हणून ऐकण्यास सोपें आहे. एका मनुष्याच्या आयुष्यांत तें कसें घडतें हें पाहिल्यावांचून त्याचा कस लागत नाहीं. त्या दृष्टीनें महाराष्ट्राला परिचित असें एक चरित्र फार बोलकें आहे, तें म्हणजे पंडिता रमाबाईंचें. रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं त्यांना संस्कृत शिक्षण मिळालें. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले. भावाबरोबर देशभर पायीं हिंडतां हिंडतां त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या आणि तेथील विद्वानांनीं त्यांना "पंडिता" व "सरस्वती" या पदव्या दिल्या. १८८० सालीं विवाह झाला आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी हे पटकीनें वारले. पदरीं मनोरमा ही लहान मुलगी होती.

आसामांत सिल्चर येथें असतांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हातीं आली होती. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. या भगिनींनीं लंडनच्या फुलहॅम भागांत, समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं एक आश्रम चालविला होता. अशा स्त्रियांना कोणी मायेनें वागवितें, हें दृश्य रमाबाईंना सर्वस्वीं नवें होतें. याचें कारण त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा दाखविण्यांत आली. विहिरीवर आलेल्या, लोकांनीं नांवें ठेविलेल्या स्त्रीशीं येशू आदरानें बोलतो, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणास भिडली. बुद्धीच्या शंका फेडण्यास मूळचे काशीचे शास्त्री असलेले नीळकंठ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा उपयोग झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

कथा येथें संपली असती तर ती धर्मांतराची कथा झाली असती. श्रद्धेच्या वाढीची झाली नसती. बाप्तिस्म्यानंतरचीं वर्षें प्रश्नांनीं भरलेलीं होतीं. इंग्लंडांत व अमेरिकेंत ख्रिस्ती लोकांचे नाना पंथ त्यांनीं पाहिले. प्रत्येकाचा आग्रह निराळा. वाँटेजच्या भगिनींशीं झालेल्या पत्रव्यवहारांत, एका धर्मसत्तेचें जूं टाकून दुसरीचें मानेवर घेण्यास आपण आलों नाहीं, अशी त्यांची स्पष्ट भूमिका दिसते. त्रैक्यासारख्या गहन सिद्धांतांविषयीं त्यांनीं मोकळेपणानें वाद घातला. हें पाहून पुष्कळांना त्यांची श्रद्धा डळमळीत आहे असें वाटलें. वस्तुतः ज्याला मुळींच आस्था नाहीं तो इतके प्रश्न विचारीत बसत नाहीं.

१९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकांत रमाबाईंनीं या काळाविषयीं एक मार्मिक भेद सांगितला आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हां आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, असा त्याचा आशय आहे. सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र वाचतांना त्यांना हें उमगलें. तोंवर धर्म म्हणजे श्रेष्ठ नीति, स्त्रियांना व दीनांना न्याय देणारें तत्त्व, असें त्या मानीत होत्या. आतां त्यांनीं स्वतःचा भार येशूवर टाकला. जाणणें आणि मान्य करणें या दोन पायऱ्यांवरून विसंबण्याच्या पायरीवर पाऊल पडण्यास एका असामान्य बुद्धीच्या स्त्रीलाही आठ वर्षें लागलीं, ही गोष्ट या मार्गावर चाचपडणाऱ्या कोणासही धीर देणारी आहे.

विसंबण्याचा निश्चय झाला म्हणजे त्याची परीक्षाही फार दूर राहत नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन काढलें होतें व १८९० सालीं तें पुण्यास नेलें होतें. विधवांच्या या विद्यालयांत धर्माची सक्ति होणार नाहीं असें ठरलें होतें. सक्ति झाली नाहीं. परंतु रमाबाईंच्या उघड चालणाऱ्या प्रार्थनेला कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. यानें मूळच्या आश्वासनास बाध येतो असें पुण्यांतील हितचिंतकांना वाटलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें व पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. विधवांच्या शिक्षणाची कळकळ असलेल्या पालकांची व सल्लागारांची चिंता समजण्यासारखी होती. आणि आपली प्रार्थना दार लावून करावी हें रमाबाईंच्या मनाला पटण्यासारखें नव्हतें. लोकमान्यता, मित्र आणि संस्थेचें भवितव्य हीं सर्व एका पारड्यांत पडलीं होतीं. रमाबाईंनीं दार लावलें नाहीं.

दुसरी परीक्षा पैशाची. अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशननें दहा वर्षें साहाय्य करण्याचें पत्करलें होतें. ती मुदत १८९८ सालीं संपणार होती. याच सुमारास त्यांनीं ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचें चरित्र वाचलें. कोणाकडेही वर्गणी न मागतां, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून त्यानें अनाथ मुलांचीं घरें चालविलीं होतीं. अशा रीतीनें या देशांतही देवावर भरंवसा टाकतां येईल काय, असा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. इतक्यांत १८९६ चा दुष्काळ आला. ज्या भुकेनें आपले आईबाप गेले ती भूक कशी असते हें रमाबाई जाणत होत्या. हातीं पुरेसा निधि नसतांना त्या मध्यप्रांतांत गेल्या व निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें शेतजमीन घेतलेली होती; तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. पुढें गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देवावर विसंबणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे. केडगांवास विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना चालूं झाला. मुली लिहावयास शिकल्या आणि आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. रमाबाईंची प्रार्थना आणि रमाबाईंचा हिशेब हीं एकमेकांच्या आड आलीं नाहींत. जितकें करणें हातीं होतें तितकें करावें, आणि जें हातीं नाहीं त्याची धास्ती येशूच्या पायांशीं ठेवावी, असा हा भरंवसा होता.

तसेंच भरंवसा म्हणजे सौदाही नव्हे. मी प्रार्थना करितों, तेव्हां माझें दुःख टळलेंच पाहिजे, असा करार ख्रिस्ती घरांतही मनुष्य नकळत करूं पाहतो. तो करार मोडला कीं श्रद्धाही मोडते. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा ही त्यांच्या कार्याची वारस होती. ती १९२१ सालीं आईच्या डोळ्यांदेखत गेली. त्या आघातानंतरही रमाबाईंचें काम थांबलें नाहीं. खुद्द येशूची गेथशेमाने बागेंतील प्रार्थनाही प्याला टळावा म्हणून होती, आणि तो टळला नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानींच एक न टळलेलें दुःख आहे. म्हणून दुःख आलें यावरून देवानें टाकलें असा निष्कर्ष त्या श्रद्धेंत निघत नाहीं.

सर्वांची वाट मात्र एकच नसते. कवि नारायण वामन टिळकांनीं आगगाडीच्या प्रवासांत मिळालेला नवा करार वाचला, डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें आणि १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगवाणीनें आपल्याला ख्रिस्ताकडे आणून पोंचविलें, अशी त्यांची भावना होती. पत्नी लक्ष्मीबाईंना हा वज्राघात वाटला. पतीच्या मागें त्या आंधळेपणानें गेल्या नाहींत. वियोग सोसला, सोंवळें सांभाळलें. मग जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं, हा प्रश्न एके दिवशीं त्यांच्याच मनानें त्यांना विचारला, आणि उत्तरही त्यांनीं स्वतःच शोधलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीनें अपुरें ठेविलेलें "ख्रिस्तायन" हें काव्य पुढें याच बाईंनीं, रीतसर शालेय शिक्षण नसतांना, हातीं घेतलें. एकाची श्रद्धा काव्याच्या भरारीनें वाढली, दुसरीची संसाराच्या चटक्यांनीं. वेळ दोघांनाही लागला.

या चरित्रांवरून वाढीचीं साधनें कोणतीं हें सहज दिसून येतें. पहिलें, शुभवर्तमानाचें वाचन. परंतु परीक्षेच्या पुस्तकासारखें नव्हे, तर आपल्याला आलेल्या पत्रासारखें. दुसरें, प्रार्थना, तींत शंका व तक्रारही बोलण्यास मुभा असते. तिसरें, संगति, कारण एकट्या निखाऱ्यावर लवकर राख चढते. चौथें, सेवा, रमाबाईंना येशूचा पहिला खरा परिचय पुस्तकांतून झाला नाहीं, तर फुलहॅमच्या आश्रमांतील सेवेंतून झाला. आणि पांचवें, जें कोणी मागून घेत नाहीं, तें संकट. पहिलीं चार ज्यानें नित्य सांभाळलीं त्याला पांचव्याच्या वेळीं उभें राहण्यास जमीन सांपडते.

रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें एका कामास वाहिलीं. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यांतील साध्या बायकांना समजत नाहीं असें पाहून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सगळें बायबल सोप्या मराठींत उतरविलें. केडगांवच्या बायकांनींच त्याचे खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्रैक्यावर वाद घालणारी तरुण पंडिता आणि अडाणी बाईला कळेल असा शब्द शोधीत बसलेली ही वृद्धा, या दोघींमध्यें चाळीस वर्षांचें अंतर आहे. श्रद्धेची वाढ कशी होते असें कोणीं विचारलें, तर तिचें माप त्या चाळीस वर्षांत पाहावें.