अंगातली मोटर
(इयत्ता ४ थी)

डावा तळवा वर करा. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, अंगठ्यात स्वतःची नाडी उडते आणि मोजणी चुकते. टुक टुक लागली? ती नाडी.

गुरुजींनी घड्याळ धरलं आणि सगळ्या वर्गानं नाडी मोजली. बसून माझी मिनिटाला ८८ भरली. मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्यावर १३६! घरी आण्णांची म्हणजे माझ्या आजोबांची मोजली, ती ७२. आण्णा म्हणाले, "पैलवानाची नाडी हाय ती." ७२ ला ६० नं आणि मग २४ नं गुणलं तर दिवसाचे १ लाख ३ हजार ६८० ठोके होतात. गुणाकार मी दोनदा केला.

हे ठोके हृदयाचे. हृदय आपल्या मुठीएवढं असतं. आमची विहिरीवरची मोटर लाईट गेली की थांबते, हृदयाला थांबून चालत नाही. मोटरीच्या पाईपाला तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत. छातीला कान लावल्यावर धडधड ऐकू येते ती झडपा मिटल्याचा आवाज.

खरं तर हृदय म्हणजे शेजारी शेजारी दोन मोटरी आहेत. उजवी रक्त फुप्फुसात पाठवते. तिथं त्याला प्राणवायू मिळतो. मग ते डावीकडं येतं आणि डावी मोटर ते डोक्यापासून पायापर्यंत ढकलते, म्हणून तिची भिंत जाड. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. इथं माझं उदाहरण चुकतं, कारण उसाला सोडलेलं पाणी जमिनीत मुरतं, रक्त मात्र फिरून हृदयाकडंच येतं. हे विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६२८ साली पुस्तकात लिहिलं. त्यानं दंडाला पट्टी बांधून हातावरच्या शिरा फुगवून दाखवल्या. पण जाणाऱ्या नळ्यांतून येणाऱ्या नळ्यांत रक्त कसं जातं ते त्याला दिसलं नाही. १६६१ साली माल्पिघी यानं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक नळ्या बघितल्या, तेव्हा कोडं सुटलं.

आता बिघाड. पाईपात दाब फार झाला की जॉइंट सुटतो, पाणी उडतं, लगेच कळतं. अंगातला दाब वाढला तर काहीच कळत नाही, दुखतसुद्धा नाही. १२० वर ८० हा चांगला दाब. पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा जास्त भरला तर तो रक्तदाबाचा आजार, म्हणजे बीपी. आण्णांना तो होता. गोळ्या चालू होत्या. पण "मला काय होतंय? मी खासबागेत लढलेला माणूस!" असं म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. तंबाखूची चंची मात्र बंद केली नाही. तंबाखूतलं निकोटिन नळ्या आवळतं आणि हृदयाला पळवतं. शिवाय जेवताना रोज खारातली मिरची आणि वर मीठ.

गेल्या वर्षी एका सकाळी आण्णांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. तोंड वाकडं झालं, बोलणं कळेना. शेजारचे म्हणाले वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. बाबांनी ऐकलं नाही, १०८ ला फोन केला आणि कोल्हापूरला नेलं. तिथं डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. डावा मेंदू उजवा हात हलवतो, म्हणून उजवा हात गेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि नळी फुटली असेल तर ते देता येत नाही, म्हणून आधी फोटो. चोळत बसलो असतो तर वेळ गेली असती.

डॉक्टरांनी तंबाखू बंद केला आणि मीठ कमी सांगितलं. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचाभर मीठ पुरे, त्यात पापड-लोणच्यातलंही आलं. तांबडा रस्सा बंद का, असं मी मुद्दाम विचारलं. ते हसले आणि म्हणाले, कधीतरी, मीठ बेतानं घालून.

गोळीचं काम आता माझ्याकडं आहे. रोज जेवण झालं की मी देते आणि जीभ दाखवायला लावते, कारण एकदा त्यांनी गोळी गालात धरून ठेवली होती. चंची आजीनं चुलीत घातली. आण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आता ते कप उजव्या हातानंच धरतात, पण खाली बशी आजी धरते.