प्रवाळांच्या मत्स्यालयात खेकड्यांची जोपासना

समुद्रातील प्रवाळांच्या खडकांवर खेकड्यांच्या अनेक जाती वास्तव्य करतात. त्यांपैकी काही प्रवाळांचे रक्षण करतात, तर काही त्यांचेच लचके तोडून खातात. घरी अथवा शाळेत समुद्री मत्स्यालय ठेवू इच्छिणाऱ्याने हा भेद प्रथम जाणून घेणे अगत्याचे आहे. हर्सूलसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी खारे पाणीही स्वतः तयार करावे लागते. त्यामुळे येथे थोडी हयगयही महाग पडते.

पाण्याची तयारी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या प्रमाणाने १०० लिटर पाण्यास साडेतीन किलो क्षार लागतात. खाण्याचे मीठ या कामी उपयोगी नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी द्रव्ये योग्य प्रमाणात नसतात. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रणच वापरावे. काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व त्यात खतांतील नायट्रेटही उतरलेले असू शकते. म्हणून आर.ओ. यंत्रातून शुद्ध केलेले पाणी घ्यावे. मिश्रण पूर्ण विरघळल्यावर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या सुमारास असल्याची खात्री करावी.

प्रवाळ आपला सांगाडा आणि खेकडा आपले कवच पाण्यातील चुन्यापासूनच घडवतो. यासाठी दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे. उन्हाळ्यात बाष्पीभवन फार होते. त्या वेळी पाणी उडून जाते, परंतु क्षार मागे राहतात. त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने न भरता शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरावी. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. ते ३० अंशांपलीकडे गेले, तर प्रवाळांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि त्यापासून मिळणारे अन्न बंद होऊन प्रवाळ पांढरे पडतात. ज्याच्या घरी मे महिन्यात पाणी थंड राखण्याची व वीज गेल्यास हवा पुरविण्याची सोय नाही, त्याने या खर्चात पडू नये.

खेकड्यांची निवड

शंखात राहणारे लहान जातीचे खेकडे आरंभी उत्तम. ते शैवाल व उरलेले अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. वाढीबरोबर त्यांना मोठे घर लागते. म्हणून निरनिराळ्या आकाराचे रिकामे शंख पेटीत ठेवावेत, अन्यथा ते गोगलगायींना मारून त्यांचे शंख बळकावतात. पाण्यातील सूक्ष्म अन्न पिसांसारख्या अवयवांनी गाळून खाणारे चपटे खेकडेही निरुपद्रवी असतात.

नांगीची टोके चमच्यासारखी असल्यास तो खेकडा सामान्यतः शैवाल खरवडणारा, आणि टोके अणकुचीदार असल्यास मांसभक्षक समजावा. खडकाबरोबर नकळत आलेले केसाळ, काळ्या टोकांच्या नांग्यांचे खेकडे रात्री शोधून बाहेर काढावेत. खाडीतील मोठी चिंबोरी प्रवाळांजवळ कदापि ठेवू नये. नाल्यातील किंवा शेतातील खेकडा गोड्या पाण्यातील असल्याने येथे जगणार नाही. तसेच पेटीतील कोणताही प्राणी हर्सूल तलावात सोडू नये.

निगा

खेकडा वेळोवेळी कात टाकतो. पडलेले कवच मेलेल्या खेकड्यासारखे दिसते, म्हणून घाईने पेटी ढवळू नये. कात टाकल्यावर त्याचे अंग मऊ असते व तो कपारीत दडून बसतो.

शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. खेकडा हा कीटकांप्रमाणेच संधिपाद प्राणी आहे. पिकावरील किडी मारणारी पुष्कळशी औषधे त्यालाही मारतात. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचा अत्यल्प अंशही त्यास घातक ठरतो, आणि किडींची कात रोखणारी औषधे त्याचीही कात बिघडवतात. फवारणीनंतर हात व कपडे स्वच्छ केल्याविना पेटीस स्पर्श करू नये. मोरचूद अथवा तांबेयुक्त मत्स्यौषध पाण्यात मुळीच घालू नये. त्याने खेकडे व प्रवाळ दोन्ही मरतात.

बदललेले खारे पाणी शेतात किंवा परसात ओतू नये. दहा लिटर पाण्याबरोबर सुमारे ३५० ग्रॅम क्षार जमिनीत जातात, आणि त्यातील सोडियममुळे काळी जमीन घट्ट होऊन तिचा निचरा बिघडतो.

कायद्याची मर्यादा

खडक बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडणे, विकणे किंवा विनापरवाना जवळ बाळगणे हा गुन्हा होय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळांसह मालवणचा समुद्री भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. काही दगडी प्रवाळांच्या फांद्यांत लहान खेकडे जोडीने राहतात. ते प्रवाळाचा स्राव खातात, आणि प्रवाळ खाण्यास आलेल्या तारामाशाला नांगीने चिमटे घेऊन हुसकावतात. फांदी तोडली की हे दोन्ही जीव नष्ट होतात.

यास्तव विक्रेत्याने कितीही ग्वाही दिली, तरी कागदपत्रांवाचून प्रवाळ घेऊ नये आणि शंका असल्यास वन विभागाकडे विचारणा करावी. नवशिक्याने प्रथम कृत्रिम खडक व शंखातील दोन-तीन खेकडे एवढ्यावरच समाधान मानावे. वर्षभर, विशेषतः एक पूर्ण उन्हाळा, पाणी स्थिर राखता आले, तरच कायद्याने मुभा असलेल्या मऊ प्रवाळांचा विचार करावा.