वाट पाहणारीचं काय?

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाला जायचं म्हणजे तीन-चार तास रांगेत उभं राहण्याची तयारी हवी. यंदा आमच्या बचत गटातल्या सहा-सात जणी मिळून गेलो होतो. उपासाचे शेंगदाणे, खजूर सगळं बरोबर. रांगेत गप्पा त्याच, भिशी, मुलांचे दहावीचे पेपर आणि सकाळच्या लोकलची गर्दी. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "काकू, हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं ना?"

बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे मला बोलायला निमित्तच मिळालं. म्हटलं, अगं नाही, हे देऊळ शिलाहार राजांचं. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे इथे. आपण याला हेमाडपंती म्हणतो खरं, पण हेमाडपंत झाला त्यानंतर दोनशे वर्षांनी!

"मग त्या राजांचं पुढे काय झालं?" हा प्रश्न मागून आला. विचारणारी आमच्या गटातलीच. तिचं नाव इथे देत नाही.

"शेवटचा राजा सोमेश्वर. तो समुद्रात बुडाला," मी सांगून टाकलं.

ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि त्याची राणी? तिला कसं कळलं असेल हो, की तो आता यायचा नाही?"

मैत्रिणींनो, एवढी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला पडला, कारण तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी सकाळी डबा घेऊन कामाला गेला, तो आजपर्यंत परतलेला नाही. ना पत्ता, ना फोन, ना काही खबर.

घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

आपल्याला वाटतं, आपण डोंगराकडची माणसं, आपला समुद्राशी काय संबंध? पण आपली उल्हास नदी बदलापूरवरून पुढे वसईच्या खाडीत समुद्रालाच मिळते. शेजारचं कल्याण हे जुनं बंदर. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर इथल्याच खाडीत गलबतं बांधायला सुरुवात केली. फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने आलेली कितीतरी सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली आणि त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. समुद्राने आपल्याला माणसं दिली आहेत, आणि नेलीही आहेत.

त्या सोमेश्वराचंच घ्या. सुमारे १२६५ साली देवगिरीच्या महादेव यादवाने त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर टिकाव लागेना म्हणून सोमेश्वर जहाजांवर चढला. यादवांनी तिथेही पाठलाग केला. महादेवाच्या हाती पडण्यापेक्षा त्याने समुद्रात बुडणं पत्करलं, असं हेमाद्री पंडिताने, म्हणजे आपल्या हेमाडपंतानेच, लिहून ठेवलंय. बोरिवलीजवळ एक्सर गावात या लढाईचे वीरगळ आहेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो खालून वर वाचायचा. खाली शिडाच्या काठ्या उभारलेली, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, मग लढाई, पाण्यात पडणारी माणसं आणि सगळ्यात वर ते वीर कैलासात शंकराची पूजा करताना.

वीराची कहाणी अशी पूर्ण होते. पाण्यातून थेट कैलास! पण घरी वाट पाहणारीची कहाणी कुठे पूर्ण होते?

माणूस घरात गेला तर आपण रडतो, दहावं-बारावं करतो आणि हळूहळू सावरतो. समुद्रात गेलेला माणूस पुष्कळदा सापडतच नाही. आग नाही, माती नाही, तिथीसुद्धा नक्की नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात तर हे जास्तच. वारा अनुकूल तर जहाज लवकर पोचायचं, वारा पडला तर आठवडेच्या आठवडे उशीर. त्यामुळे जहाज उशिरा येतंय की बुडालंय, हे घरच्यांना कळायला महिनेच्या महिने जायचे. आपल्या कोकणपट्टीवर गलबतं, मचवे, फत्तेमाऱ्या चालायच्या. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून, दर्याची समजूत काढून मगच होड्या पाण्यात ढकलायच्या. तो नारळ समुद्रासाठी असतोच, पण मला वाटतं तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईच्या जिवाच्या धीरासाठीही असतो.

एका आईची गोष्ट वाचली होती, ती विसरता येत नाही. १८१५ च्या मे महिन्यात आर्निस्टन नावाचं शिडाचं जहाज सिलोनहून इंग्लंडला निघालं होतं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी ते वादळात सापडलं. आपण नेमके किती पश्चिमेला आलो हे समजायला त्या काळी समुद्रावर अचूक चालणारं खास घड्याळ लागायचं, ते या जहाजावर नव्हतं. टोक ओलांडलं असं समजून जहाज वळवलं आणि ते खडकांवर गेलं. ३७८ माणसांपैकी वाचली फक्त सहा. सिलोनमध्ये वडिलांना भेटून घरी परतणारी एका कर्नलची मुलं त्यात गेली. पुढे त्यांच्या आईने त्या परक्या किनाऱ्यावर मुलांच्या नावाचा दगड उभारला. मुलं मिळाली नाहीत, निदान नावं तरी कुठेतरी टेकली! एका घड्याळाच्या अभावी हे झालं, हे वाचून मला आपल्या घरातली 'चलतंय की' म्हणून टाळलेली कितीतरी कामं आठवली.

पुढे वाफेवर चालणाऱ्या बोटी आल्या. आता धोका टळला असं लोकांना वाटलं. पण १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात जी नाहीशी झाली, ती झालीच. नाव आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या नदीचं, पण बोटीवर विजेचे दिवे म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणायचे. सातशेहून अधिक माणसं होती तिच्यावर, लग्नाची वऱ्हाडं होती, परीक्षेला निघालेली मुलं होती. बोटीचा मागमूससुद्धा लागला नाही.

आणि आपली 'रामदास'! आमच्या घरात या बोटीचं नाव आजही हळू आवाजात घेतात. माझ्या सासरचं मूळ गाव अलिबागकडचं. आजेसासूबाई सांगायच्या, तो दिवस होता १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा सण म्हणून मुंबईत काम करणारी माणसं घरी निघालेली. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसला सुटली. स्वदेशी कंपनीची बोट, लोक कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. पावसाळी समुद्र खवळलेला. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोटीत पाणी शिरलं, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. काही मिनिटांत सगळं संपलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोळी बांधवांनी जमेल तितक्यांना पाण्यातून ओढून आपल्या होड्यांत घेतलं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला खबर लागायलाच दुपार उजाडली. धक्का सोडून फार दूरही नाही गेली ती बोट, तरी ही अवस्था. स्वातंत्र्य महिनाभरावर आलं होतं आणि रायगडच्या गावागावांत आकांत चालला होता.

आजेसासूबाईंचा थोरला भाऊ त्या बोटीवर होता. तो मिळाला नाही. त्याची बायको तेव्हा अठरा वर्षांची. "वैनीने कुंकू पुसलं नाही गो," आजेसासूबाई सांगायच्या. "म्हणायची, पोहता येतं त्यांना. कुठेतरी लागले असतील किनाऱ्याला." गावाने आधी समजूत घातली, मग नावं ठेवली. ना सवाष्णींत धरायचं, ना विधवांत. कुणाच्या लग्नकार्यात तिने पुढे यायचं नाही. म्हातारी होऊन गेली तोवर तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि लोकांच्या तोंडी तीच गोष्ट होती. आजेसासूबाईंचा शेवटचा शब्द नेहमी एकच, "दादा एकदाच बुडाला. वैनीला आम्ही रोज बुडवली."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेन. तरीसुद्धा यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी करताना आमच्या गटातल्या 'तिच्या' दारावरून मी पुढे निघून गेले. मनात म्हटलं, बोलावलं तर बाकीच्या काय म्हणतील? तिलाच अवघड वाटेल. खरं सांगते, अवघड तिला नव्हतं वाटणार, मला वाटत होतं. समाजकार्य करणारी म्हणून चार ठिकाणी भाषणं देणारी मी, आणि हे माझं वागणं!

म्हणून शिवरात्रीनंतर आम्ही दोघी बसलो आणि तिचे कागद काढले. तिची अडचण नुसती मनाची नाही. एका कार्यालयात सांगतात, नवऱ्याला घेऊन या. दुसरीकडे सांगतात, मृत्यूचा दाखला आणा. दोन्ही तिने आणायचं कुठून? पोळी-भाजीचे डबे करून ती दोन मुलांना शिकवते, पण नवऱ्याच्या नावाच्या खात्यातले पैसे तिला हात लावता येत नाहीत.

अशा कुणी तुमच्या ओळखीत असतील तर एवढं त्यांना जरूर सांगा. माणूस बेपत्ता झाल्यावर पोलिसांत रीतसर तक्रार द्यायला हवी आणि तिची प्रत जपून ठेवायला हवी. सात वर्षं ज्या माणसाबद्दल, ज्यांना खबर लागायला हवी होती अशा जवळच्यांनाही काही कळलं नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं, असं कायदा सांगतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. त्या आधारे न्यायालयातून हुकूम घेता येतो. हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं काही खबर नसणं हे घटस्फोटाचं एक कारण मानलंय. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, बायकांना तिथे मोफत मदत मिळू शकते. तक्रारच दिली नसेल तर ही सात वर्षं दाखवायची कशी, म्हणून तो पहिला कागद फार मोलाचा.

पण खरं सांगायचं तर हे कागद हातात येईपर्यंतची वर्षं माणसांनीच सांभाळायची असतात. इंग्लंडमध्ये एके काळी जहाजांत नको तेवढा माल भरायचे. बुडालं तर विम्याचे पैसे मालकाला, रडणं खलाशाच्या बायकोला. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने यावर रान उठवलं आणि १८७६ साली कायद्याने जहाजाच्या अंगावर खूण करणं भाग पाडलं, त्याच्यापलीकडे पाणी चढता कामा नये अशी. आजही जहाजांवर ती रेघ असते. बाईच्या अंगावर लोकांनी किती ओझं टाकायचं, याची मात्र अशी रेघ कुणी आखलेली नाही. ती आपली आपणच आखायला हवी.

येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं मी तिला करून आले. ती म्हणाली, "ताई, मी येऊ? कुंकू लावायचं की नाही, माझं मलाच कळत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या मनाला येईल ते कर. कुंकू लाव, नाहीतर नको लावू. पण कैरीची डाळ आणि पन्हं घ्यायला यायचंच."

सोमेश्वराच्या राणीला कसं कळलं असेल, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण तिच्या दारावरून कुणी पुढे निघून जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?