साधने आणि सल्लागार : स्वतंत्र भाषाअध्ययनाचा मागोवा

वर्गाबाहेर, आपापल्या वेळेनुसार परकी भाषा शिकणाऱ्या प्रौढांना साधनांइतकीच मार्गदर्शनाचीही गरज असते, या विचाराला फ्रान्समधील नान्सी येथे भक्कम पाया लाभला. ईव्ह शालाँ यांनी तेथील विद्यापीठात १९६९ साली स्थापन केलेल्या ‘क्रापेल’ या केंद्रात ध्वनिफितींच्या व पुस्तकांच्या जोडीला सल्लागारही असे. तो धडे शिकवत नसे, तर उद्दिष्ट ठरवणे, साहित्य निवडणे आणि स्वतःची प्रगती जोखणे या कामी शिकणाऱ्याला साहाय्य करीत असे. शालाँ यांच्यानंतर केंद्राची धुरा वाहणारे आन्री ओलेक यांनी युरोप परिषदेसाठी केलेला अहवाल १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अध्ययन-स्वायत्तता, म्हणजेच आपल्या शिकण्याचा भार स्वतः पेलण्याची क्षमता, ही उपजत नसून कमवावी लागते, असे आग्रहाने मांडले.

पुढे संगणकाला चलच्चित्राची जोड मिळाली. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पाच्या भाषाशाखेत जिल्बेर्त फुरस्टेनबर्ग यांनी फिलिप नावाच्या तरुणाची कथा परस्परसंवादी व्हिडिओ-तबकडीवर, म्हणजे प्रेक्षकाच्या निवडीनुसार कथा पुढे नेणाऱ्या माध्यमावर, रचली. फिलिपसाठी पॅरिसमध्ये घर शोधताना शिकणाऱ्याला अस्सल, वेगवान फ्रेंच ऐकावी लागे. मात्र संभाषण निसटले, तर संपूर्ण संहिता पाहावी की केवळ कळीचे शब्द, हे तोच ठरवीत असे. मदत हाताशी होती आणि ती किती घ्यावी याचा निर्णयही शिकणाऱ्याच्याच हाती होता, हे या रचनेचे खरे मोल होय.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९९५ साली फ्रेंचपासून भाषांचे दूरस्थ अभ्यासक्रम सुरू केले आणि नव्या शतकाच्या आरंभी ‘लायसियम’ या प्रणालीद्वारे विखुरलेल्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलण्याची व सामायिक फलकावर लिहिण्याची सोय करून दिली. त्यामुळे घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यांना संभाषणासाठी सोबती मिळाले.

२०१२ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘ड्युओलिंगो’सारख्या उपयोजनांनी छोटे धडे, तत्काळ दुरुस्ती आणि रोजच्या सरावाची सवय मोबाइलवर आणली. तथापि धड्यांचा क्रम बहुतांशी उपयोजनच ठरवते, त्यामुळे सराव नियमित होत असला, तरी उद्दिष्ट आणि साहित्य निवडण्याची क्षमता त्यातून आपोआप वाढत नाही. म्हणून नव्या साधनांची पारख करताना त्यांतील धड्यांच्या संख्येपेक्षा शिकणाऱ्याच्या हाती ती किती निर्णय सोपवतात आणि ते घेण्यासाठी त्याला कितपत तयार करतात, हेच पाहिले पाहिजे.