फॉक्सफर्डची लोकरगिरणी

उपाशी माणसाला जेवू घालणे हे प्रेमाचे काम आहेच. पण उद्या त्याची चूल कशी पेटणार? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आयर्लंडमधील एका लहान गावात काही धर्मभगिनींपुढे हाच प्रश्न उभा होता.

मेयो परगण्यात मॉय नदीकाठी फॉक्सफर्ड वसले आहे. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळाने हा परगणा होरपळला. चाळीस वर्षांनंतरही जमिनीच्या तुकड्यावर घर चालत नव्हते. तरुण मजुरीसाठी इंग्लंडला जात, नाहीतर कायमचे अमेरिकेला.

१८९१ मध्ये मदर आर्सेनियस (अ‍ॅग्नेस मॉरो-बर्नार्ड) आपल्या भगिनींसह तेथे आल्या. त्यांनी शाळा सुरू केली. पण उपाशी मूल पाटीकडे किती वेळ बघणार? गावाजवळून मॉय नदी जोराने वाहत होती. त्या पाण्यावर लोकरीची गिरणी चालवावी, असे त्यांनी ठरवले.

लोकरीच्या धंद्याची मात्र त्यांना काहीच माहिती नव्हती. त्यांनी टायरोन परगण्यातील कॅलेडनचे गिरणीमालक जॉन चार्ल्स स्मिथ यांना पत्र लिहिले. मदर कॅथलिक, स्मिथ प्रोटेस्टंट. त्या काळी आयर्लंडमध्ये हे अंतर फार मोठे होते. स्मिथ यांनी आधी धोक्याची जाणीव करून दिली आणि मग मनापासून मदत केली. त्यांच्याच गिरणीतून फ्रँक शेरी हे अनुभवी व्यवस्थापक आले. पश्चिमेकडील गरीब भागांसाठी सरकारने स्थापन केलेल्या ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डा’ने कर्ज दिले, आणि १८९२ मध्ये गिरणी सुरू झाली. तिचे नाव ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे ईश्वरी तरतूद.

कर्ज फेडायचे होते, म्हणून माल चांगलाच हवा होता. दया म्हणून एखादा एकदा ब्लँकेट घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. गावकरी कामात तरबेज झाले. भगिनी घरोघरी जात. दारासमोरचा उकिरडा हलवून घर नीटनेटके ठेवणाऱ्यांना बक्षिसे देत. गावाचे बँडपथकही उभे राहिले.

१९३२ मध्ये मदर प्रभूकडे गेल्या. १९८७ मध्ये गिरणी कर्जात बुडाली आणि आता सारे संपले असे वाटले. पण नव्या मालकांच्या हाती ती पुन्हा उभी राहिली. फॉक्सफर्डची ब्लँकेटे आजही विकली जातात.

आपण दान देतो तेव्हा हे गाव आठवावे. भगिनींनी भाकरी दिली, पण तेथेच थांबल्या नाहीत. त्यांनी गावाची नदी पाहिली, गावकऱ्यांचे हात पाहिले, आणि जे स्वतःला येत नव्हते ते दुसऱ्या पंथाच्या माणसाला विचारायला त्या लाजल्या नाहीत.